विमान दर वेळी वेगळं वजन दाखवतंय? आधी बेरीज बघा

ज्यांनी ज्यांनी घरी विमान बांधलंय किंवा बांधायला घेतलंय त्यांना हा प्रॉब्लेम कधी ना कधी येणारच, म्हणून सविस्तर लिहितोय. विमान तेच, काटे तेच, माणसं पण तीच, आणि तरी आज वजन केलं की एक आकडा आणि पुढच्या रविवारी केलं की दुसराच. आमचं कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन सीटचं विमान आहे, शेजारी शेजारी बसायचं, पुढे चाक असलेलं, इंजिन माझदाचं १३बी रोटरी. दादा, मी आणि पुतण्या, तिघं मिळून बांधतोय. तीन वेळा वजन केलं आणि तीन वेळा वेगवेगळं आलं, आणि त्यात आमचे दोन महिने गेले.

आकडे सरळ देतो. पहिल्यांदा डावं चाक २०४, उजवं २००.५, पुढचं ११३.५, बेरीज ५१८ किलो. दुसऱ्यांदा १९८.५, २०८ आणि ११७.५, म्हणजे ५२४. तिसऱ्यांदा २०७, १९६.५ आणि ११०, म्हणजे ५१३.५. साडेदहा किलोचा फरक. पोत्याच्या धंद्यात पण कोणी एवढा चालवून घेत नाही, इथे तर विमान आहे.

आता कोणी म्हणेल पाचशे किलोत दहा किलोनं काय होतंय. नुसतं वजन असतं तर मी पण म्हटलं असतं. पण याच आकड्यांवरून सीजी (सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे विमान जिथं तोललं जातं तो बिंदू) काढायचा असतो. आमचा डेटम, म्हणजे सगळी अंतरं जिथून मोजायची ती जागा, नाकाच्या टोकाच्या १०० मिमी पुढे धरलाय, तिथून पुढचं चाक १००० मिमीवर आणि मागची दोन्ही २४५० वर. वरचे तीन सेट टाकले की सीजी येतो २१३२, २१२५ आणि २१३९. म्हणजे जवळजवळ १५ मिमी इकडं तिकडं. आमच्या पंखाची रुंदी १३००, त्यात सीजी पुढच्या कडेपासून १५ टक्के ते २८ टक्क्याच्या मध्ये पाहिजे, म्हणजे सगळी मिळून १६९ मिमीची जागा. त्यातले १५ मिमी नुसत्या काट्याच्या भांडणात घालवायचे? सीजी पुढे गेला तर उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पाटी) पुरत नाही, मागे गेला तर स्टिक हलकी पडते आणि स्टॉल-स्पिनमधून (पंखाची पकड सुटून विमान गरगरत खाली येतं त्यातून) विमान बाहेर यायला मागत नाही. दोन्हीकडे मरण आहे, म्हणून हा आकडा अंदाजपंचे चालत नाही.

सगळ्यात आधी काय करू नका ते सांगतो, कारण आम्ही तेच करणार होतो. सरासरी काढू नका. दादा म्हणाला तिन्हीची सरासरी घेऊ ५१८.५ आणि पुढे चालू. पण चूक जर एकाच दिशेची असेल तर दहा वेळा करून सरासरी काढली तरी ती चूक तिथंच राहते. आधी तोच आकडा परत परत आला पाहिजे, मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

आणि शोधायला कुठून सुरुवात करायची तर बेरजेपासून. हे आम्हाला फार उशिरा सुचलं. तीन चाकांचे आकडे वेगळे वेगळे बघत बसलात तर डोकं फिरतं. त्यापेक्षा दोन वेळची बेरीज शेजारी शेजारी लिहा. बेरीज तीच आहे आणि नुसती वाटणी बदललीय, म्हणजे पुढचं कमी झालं आणि मागचं तेवढंच वाढलं, किंवा डाव्याचं उजव्यात गेलं, तर काटे बरोबर आहेत आणि विमान सरळ उभं नाही. बेरीजच बदलली तर मग एकतर काटा खोटं बोलतोय, नाहीतर विमानाला कोण तरी उचलतंय किंवा दाबतंय, नाहीतर विमानातच खरोखर काहीतरी कमी-जास्त झालंय. बास, एवढ्यातच सगळं येतं. आमच्यात दुर्दैवानं हे सगळंच एकत्र होतं, म्हणून गुंता झाला.

आधी वाटणीचं बघू, ते सोपं आहे. विमानाचं वजन जिथं एकवटतं तो सीजी जमिनीपासून वर असतो, आमच्यात साधारण ९०० मिमी वर. विमान पुढे-मागे एक डिग्री जरी कललं तरी ते वजन चाकांच्या मानानं १५-१६ मिमी सरकतं आणि पुढच्या चाकावर साडेपाच किलोचा फरक पडतो. एक डिग्रीला! नाक वर असलं की पुढचं चाक हलकं दाखवतं. डावी-उजवी बाजू एक डिग्री कलली तर एका चाकावरचे चार-साडेचार किलो दुसऱ्या चाकावर जातात. आमच्या तीन आकड्यांत डावं-उजवं उड्या मारत होतं त्याचं निम्मं कारण हे. शेडचा कोबा करताना गवंड्यानं पाणी जायला ढाळ दिलेला, बरोबरच केलं त्यानं, पण आम्ही दर वेळी विमान वेगळ्या जागी उभं करत होतो.

आणि काट्याची उंची विसरू नका. आमचा एक एक काटा ६० मिमी उंच. मागच्या दोन चाकांखाली काटा आणि पुढचं चाक जमिनीवर असं केलं तर सरळ सव्वादोन डिग्रीच्या वर नाक खाली जातं. ज्यांच्याकडे एकच काटा आहे त्यांनी बाकीच्या दोन चाकांखाली त्याच उंचीचे लाकडी ठोकळे घालायलाच पाहिजेत, नाहीतर प्रत्येक चाकाच्या वेळी विमान वेगळ्या कोनात उभं असतं आणि ती तीन वजनं एकमेकांची नसतातच.

लेव्हल बघायला मोबाईलचं ॲप वापरू नका. आम्ही वापरलं, मोबाईलचा कॅमेरा मागे फुगलेला असतो, फोन फिरवून ठेवला की आकडा बदलतो. शेवटी गवंड्याची पाण्याची नळी आणली. पारदर्शक पाईप, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक कॉकपिटच्या कडेला पुढच्या खुणेवर आणि दुसरं मागच्या खुणेवर. दीड मीटरवर एक मिलिमीटर फरक असला तरी दिसतो. तसंच पंखाच्या दोन टोकांना. पातळ पत्र्याचे तुकडे घालून घालून सरळ केलं. टायरची हवा पण दोन्हीकडे गेजनं सारखी केली, उजव्यात कमी होती. एवढं झाल्यावर डावं-उजवं एकदम शांत झालं, पण बेरीज काही जागेवर येईना.

मग बेरजेच्या मागे लागलो. तिसऱ्या वेळचे ५१३.५ का आले त्याचं उत्तर पुतण्यानं काढलं, तो वालचंद कॉलेजला मेकॅनिकलला आहे. त्यानं वहीत बघितलं, तिसरं वजन आम्ही मे महिन्याच्या शेवटी दुपारी केलेलं, उकडत होतं म्हणून पश्चिमेचं शटर पूर्ण वर. विमानाचं तोंड शटरकडे. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत दुपारनंतर कसा वारा सुटतो माहितीये. त्यानं हिशोब मांडला, ११ चौरस मीटर पंख, ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून, तर साधारण ४० न्यूटन लिफ्ट (वर उचलणारी ताकद) होते, म्हणजे चार किलो. आपल्याला तो वारा अंगाला गार लागतो बास, पण पंख त्याचं काम करतोच, त्याला काय कळतंय आपण वजन करतोय का उडवतोय. तेव्हापासून वजन सकाळी सहाला, शटर खाली, पंखे बंद. घाम येतो, येऊ दे. सकाळी करायचा अजून एक फायदा, पत्र्याचा शेड दुपारी तापतो तसे काट्यातले लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) पण तापतात आणि शून्य सरकतं. काटे अर्धा तास आधी चालू करून ठेवायचे, मग शून्य करायचे, आणि वजन काढून घेतल्यावर परत शून्य येतंय का ते दर वेळी बघायचं. शून्य नाही आलं तर ते रीडिंग फेकून द्या, दुरुस्त करत बसू नका.

वारा गेला तरी दीड-दोन किलोचं हलणं राहिलंच. आता मुख्य गोष्ट.

काटे आमचे स्वतःचे नव्हते. मार्केट यार्डात आमच्या एका ओळखीच्यांचं हळदीचं दुकान आहे, त्यांच्याकडचे ३०० किलोचे तीन प्लॅटफॉर्म काटे, वैधमापनचा शिक्का असलेले. त्यांच्याबरोबर एक मापाडी आले, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना तात्याच म्हणतात. उभी हयात तोलाईत गेलेली. आम्हाला वाटलं ते काटे उचलायला मदत करायला आलेत. त्यांनी आधी विमानाकडे बघितलंच नाही, काटे उघडले, २० किलोची प्रमाण वजनं घेतली आणि प्रत्येक काट्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये ठेवून बघितली. दोन काटे बरोबर, तिसरा एका कोपऱ्यात २०० ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे चाक प्लेटच्या मध्यावर नसलं तर तेवढ्यानंच फरक. त्यांनी पेटी उघडून तो कोपरा ॲडजस्ट करून घेतला. तुम्ही भाड्यानं काटे आणलेत तर ही कोपऱ्याची टेस्ट आधी करा, पाच मिनिटं लागतात, आणि नंतर चाक मध्यावर येईल अशी खडूनं फुली मारून ठेवा.

मग आम्ही जॅकवरून विमान खाली सोडलं. तात्या खाली बसले होते डाव्या चाकापाशी. म्हणाले, "परत वर घ्या." घेतलं. त्यांनी टायरच्या बाहेरच्या कडेला प्लेटवर खडूची रेघ मारली. "आता सोडा हळूहळू." सोडलं. टायर रेघेवरून हलला नाही, पण त्याच्यासकट प्लेटच बाहेरच्या बाजूला सरकली. दोन-तीन मिलिमीटर असेल. मग त्यांनी खिशातली पावती काढली आणि प्लेट आणि खालच्या फ्रेमच्या मधल्या फटीत सगळीकडून फिरवली. तीन बाजूंनी सरळ गेली. बाहेरच्या बाजूला अडकली.

"हे बघा दादा, प्लेट फ्रेमला टेकायलीय. पोतं तिरकं ढकलून टाकलं की असंच होतं बघा. थोडं वजन फ्रेम खाती, सेलला जातच नाही."

झालं असं की आमचं मागचं अंडरकॅरेज, म्हणजे चाकांचे पाय, हा एक पाटा आहे, स्प्रिंग स्टीलचा, ट्रकच्या पाट्यासारखाच पण दोन्हीकडे बाहेर वाकवलेला. जमिनीवर वजन आलं की दोन्ही पाय फाकतात, चाकं बाहेर जातात. पळत असताना ते आपोआप सरकतं म्हणून कळत नाही. पण जॅकवरून सरळ काट्यावर उतरवलं की टायरचं रबर प्लेटला धरून बसतं, पाय फाकायला बघतो, आणि ती सगळी आडवी ताकद प्लेटवर जाते. प्लेट सरकून फ्रेमला लागली की वजन कमी दाखवणार, आणि किती कमी ते दर वेळी वेगळं, कारण विमान किती हळू सोडलं, टायर कसा बसला, यावर ते अवलंबून. म्हणून तर आमचं कधीच जुळत नव्हतं. प्लेट टेकली नाही तरी आडव्या ताकदीनं लोडसेल थोडं वेडंवाकडं दाखवतोच, तो सरळ खाली दाबण्यासाठी बनवलेला असतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. प्रत्येक मागच्या टायरखाली दोन गुळगुळीत पत्रे, एक फूट बाय एक फूट, मध्ये भरपूर ग्रीस. पत्र्यांसकट काटा शून्य करायचा. मग विमान सोडलं की वरचा पत्रा टायरबरोबर बाहेर सरकतो, आमच्यात एकेका बाजूला १२ मिमी सरकला, आणि काट्यावर फक्त खालची दाब राहते. सोडल्यावर पंखाचं टोक हातानं दोन-तीनदा खाली-वर करायचं म्हणजे अडकलेलं सगळं सुटतं. ब्रेक सोडलेले पाहिजेत, पार्किंग ब्रेक लावून वजन करू नका, त्यानं पुढे-मागे तसंच ताणलं जातं. आणि पत्रे निसरडे झालेत तर विमान जाईल म्हणून कोणी चाकाला ठोकळा लावत असेल तर तो ठोकळा काट्याच्या प्लेटवरच असू दे, अर्धा प्लेटवर अर्धा कोब्यावर असला की परत तीच बोंब. पुढच्या चाकाला पत्रे नाही लागत, ते फाकत नाही.

पावतीची ट्रिक लक्षात ठेवा. कागद चारी बाजूंनी फिरला पाहिजे, वजन असताना.

एवढं केल्यावर लागोपाठ चार वेळा विमान उतरवून चढवून बघितलं, बेरीज अर्ध्या किलोच्या आत. तात्या चहा घेऊन गेले, पैसे काही घेतले नाहीत.

आता रोटरीवाल्यांसाठी खास, कारण इथे बेरीज खरंच बदलते आणि काट्याचा काही दोष नसतो.

थोडं इंजिनबद्दल. रोटरी म्हटलं की जुने विमानवाले पहिल्या महायुद्धातली नोम इंजिनं समजतात, ज्यात क्रँक स्थिर आणि सगळे सिलिंडरच प्रॉपेलरबरोबर फिरायचे. हे ते नाही. हे फेलिक्स वांकेल यांचं इंजिन, पिस्टनच्या जागी तिकोनी रोटर. १३बी मध्ये दोन रोटर, ६५४ सीसीचे दोन मिळून १३०८ सीसी, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. रोटर एकदा फिरला की शाफ्ट तीनदा फिरतो. शाफ्ट सहा हजारावर आरामात चालतो पण तेवढ्या वेगानं प्रॉपेलर फिरवता येत नाही म्हणून मध्ये गिअरबॉक्स, आमचा २.८५ चा, म्हणजे ६००० ला प्रॉपेलर साधारण २१००. अमेरिकेत ट्रेसी क्रूक यांनी आरव्ही-४ या घरी बांधायच्या छोट्या विमानात हेच इंजिन बसवून अनेक वर्षं उडवलंय, त्यामुळे आम्ही काही जगावेगळं करत नाही. आपल्याकडे पण कांदिवलीत गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, तेव्हापासून घरी विमान म्हटलं की लोक निदान ऐकून तरी घेतात.

तर मुद्दा असा की हे इंजिन आतून पाणी आणि ऑईल दोन्हीवर गार होतं. रोटर आतून पोकळ, त्यात ऑईल उडवून ते गार करतात, म्हणून साधारण एक तृतीयांश उष्णता ऑईलमधून बाहेर काढावी लागते. त्यामुळे ऑईल कूलर मोठा, त्याचे पाईप लांब, रेडिएटर वेगळा, त्याचे पाईप वेगळे. आणि हे सगळं भरलेलं असतं विमानाच्या एकदम नाकात. साध्या हवेवर गार होणाऱ्या विमान-इंजिनात कूलंट हा विषयच नसतो, त्यामुळे तिथल्या चेकलिस्टमध्ये तो सापडत नाही आणि आपण पण विसरतो.

रिकामं वजन म्हणजे पूर्ण ऑईल, पूर्ण कूलंट आणि टाकीतलं जे पेट्रोल इंजिनला कधीच मिळणार नाही तेवढं पेट्रोल, हे सगळं धरून. इथे 'पूर्ण' या शब्दात गोम आहे.

आम्ही काय केलं, कूलरच्या पाईपचा जॉईंट झिरपत होता म्हणून ऑईल कूलर उतरवला, आणि हात घातलाच आहे तर होजक्लिप बदलू म्हणून कूलंटही काढलं. परत सगळं बसवलं, रेडिएटरच्या तोंडापर्यंत कूलंट भरलं, डिपस्टिकवर ऑईल बरोबर, आणि वजन केलं. ५१८.४. पुढच्या चाकावर ११२.३, मागे दोन्ही मिळून ४०६.१. आदल्या आठवड्यात जे चार वेळा ५२२ च्या आसपास आलेलं ते गेलं कुठं?

दादानं कॅप उघडली. कूलंट काठोकाठ. पुतण्या म्हणाला इंजिन चालू करून बघू, विमान बाहेर काढलं, प्रॉपेलरपुढून सगळ्यांना बाजूला केलं, बारा-तेरा मिनिटं चालवलं. पहिली आठ-नऊ मिनिटं रेडिएटर हाताला गार. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडला, कूलंटचं टेम्परेचर एकदम थोडं पडलं, परत चढलं. बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, म्हणजे अगदी दुसऱ्या दिवशी सकाळी. गरम असताना कॅप उघडायची नाही, हात भाजतो, आधी सांगून ठेवतो. सकाळी कॅप उघडली तर कूलंट दिसतच नव्हतं. टॉर्च मारला तर खाली कुठंतरी चमकत होतं. ओतायला घेतलं, लिटर गेलं, दुसरं गेलं, मध्ये मध्ये गुडगुड आवाज येऊन बुडबुडे वर यायचे, थांबायचं, परत ओतायचं. २.६ लिटर गेलं! म्हणजे थर्मोस्टॅट बंद असताना आत हवा कोंडली होती, तोंडापर्यंत कूलंट दिसत होतं पण मागे हवाच. ऑईलचं तेच, कूलर आणि पाईप रिकामे होते, इंजिन चालल्यावर ऑईल तिकडे गेलं आणि डिपस्टिक खाली. दीड लिटर लागलं.

कूलंट अर्धं-अर्धं मिसळलेलं, लिटरला १.०७ किलोच्या आसपास, म्हणजे २.८ किलो. ऑईल १.३. मिळून ४.१. परत काट्यावर घेतलं तर ५२२.५, बरोबर ४.१ नं वाढलेलं.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. पुढच्या चाकावर ११२.३ चे ११७ झाले, म्हणजे ४.७ वाढले. ओतलं ४.१ आणि पुढच्या चाकाला कळले ४.७. आणि मागच्या चाकांवर ४०६.१ चे ४०५.५, म्हणजे वजन कमी झालं! पहिल्यांदा वाटलं परत काटा बिघडला. पण नाही, इंजिन आणि रेडिएटर पुढच्या चाकाच्याही पुढे आहेत, डेटमपासून साधारण ८०० वर, चाक १००० वर. सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखं ते मागची बाजू उचलतं. गणित केलं तर १६५० भागिले १४५०, म्हणजे १.१४ पट, ४.१ गुणिले तेवढं, बरोबर ४.७. कागद आणि काटा एकमेकांना भेटले ते बघून जे समाधान वाटलं ते पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा वाटलं तेवढंच होतं.

तर रोटरीवाल्यांनो, इंजिन किमान एकदा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, पूर्ण गार करून, कूलंट आणि ऑईल परत भरूनच वजन करा. आणि नंतर कधी पाईप उघडला, कूलंट बदललं, तर भरलेलं लिटरमध्ये मोजून वहीत लिहा. काढलं तेवढं परत गेलं नाही तर बाकीची जागा हवेनं घेतलीय असं समजा, आणि ही हवा नुसती वजनाला नडत नाही, तिथलं हाऊसिंग गरम होऊन इंजिनच जाऊ शकतं.

पेट्रोलचं पण बघा. टाकी रिकामी म्हणजे किती रिकामी? आम्ही ड्रेनमधून काढलं आणि रिकामी म्हणालो, पण विमान उडताना ज्या कोनात असतं त्या कोनात उभं करून काढलं पाहिजे, तेव्हाच वापरता न येणारं किती राहतं ते कळतं. आणि भरलेल्याचा हिशोब लिटरवरून करताना पंपावरच्या पेट्रोलची घनता स्वतः काढा, एक लिटरचं माप भरून काट्यावर ठेवा. आमचं ०.७४ च्या आसपास आलं. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं, पुस्तकातली विमानाच्या पेट्रोलची ०.७२ घेतली तर १०० लिटरला दोन किलोची तफावत येते. इथेनॉलनं फायबरच्या टाकीचं आणि रबराच्या पाईपांचं काय होतं तो वेगळा विषय आहे, त्यावर सावकाश लिहीन.

शेवटी अंतरं. काटे बरोबर, विमान सरळ, कूलंट पूर्ण, आणि तरी सीजी पटत नसेल तर चाकांची अंतरं परत मोजा. ड्रॉईंगमधली घेऊ नका. विमान काट्यावर, लेव्हलमध्ये, पाय फाकलेले असतानाच प्रत्येक ॲक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, खाली कोब्यावर खूण, पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा, तिथं खूण, मग लाईनदोरी मारून टेपनं मोजायचं. आमचं पुढचं चाक ड्रॉईंगपेक्षा ९ मिमी मागे निघालं, वजन आल्यावर त्या चाकाचा फोर्क मागे जातो. वर मी दिलेली अंतरं मोजलेली आहेत, ड्रॉईंगमधली नाहीत.

आणि सगळं बरोबर आहे का याची एक पक्की परीक्षा. २० किलोची दोन प्रमाण वजनं घ्या आणि सामानाच्या जागेवर ठेवा, आमची ती जागा २९०० वर आहे. बेरीज ४० नं वाढली पाहिजे, आणि पुढचं चाक १२.४ किलोनं हलकं व्हायला पाहिजे. आमचं १२.५ झालं. इथे बेरीज ४० नं वाढली पण पुढचं चाक दहानंच कमी झालं असं आलं तर अंतर कुठंतरी चुकलंय, काट्याला दोष देऊ नका.

आता आमचा पक्का आकडा डावं २०२.५, उजवं २०३, पुढचं ११७, बेरीज ५२२.५, सीजी २१२५. पंखाची पुढची कडा १९०० वर, म्हणजे १७.३ टक्के. मी एकटा ६५ किलो आणि १०० लिटर पेट्रोल, तर १८.५ टक्के. आम्ही दोघं भाऊ, २० किलो सामान आणि पेट्रोल संपत आलेलं, तर २२.३. दोन्ही १५ ते २८ च्या आत. कराडची धावपट्टी अजून लांब आहे, कागदपत्रं व्हायचीत, पण हा कागद तरी झाला.

तो सुद्धा तात्पुरताच म्हणा, कारण रंग राहिलाय. रंगाचे आठ-दहा किलो सहज होतात आणि त्यातला बराचसा पंखावर आणि शेपटीकडे जातो, शेपटी लांब असते म्हणून तिथला एक किलो पण सीजीला जाणवतो. तात्यांना सांगून ठेवलंय, दिवाळीच्या आधी हळदीची आवक कमी असते, तेव्हा दोन दिवस काटे परत देतो म्हणालेत. ग्रीस लावलेले पत्रे गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवलेत, कोणाला सांगली-मिरजेत वजन करायचं असेल तर घेऊन जा, फक्त पुसून परत द्या.